आत्याचे बिल्ले आणि कूलरची तार : कामाच्या नोंदी

२२ मार्च

वहिनी सकाळी बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली, तोही पिशवीत लपवून, कारण आत्याला कळू द्यायचं नाहीये. आत्या ३१ मेला रिटायर होते, ५८ पूर्ण. सगळी नोकरी शाळेत गेली आणि शाळेत मास्तरणीच्या मागे जी शंभर कामं लावतात त्या प्रत्येक कामाचा एक बिल्ला मिळत गेला, ते सगळे ह्या डब्यात. गोल, मागून पिन, वरून चकचकीत प्लास्टिक. पल्स पोलिओचा पिवळा, स्काउट-गाईड मेळाव्याचा, साक्षरता अभियानाचा, क्रीडा संमेलनात 'पंच', विज्ञान प्रदर्शनात 'परीक्षक', कुठल्या तरी अधिवेशनाचा 'स्वागत समिती', आणि एक मोठा सावित्रीबाईंचा, ३ जानेवारीच्या कार्यक्रमातला. खाली अजून बरेच, पण त्यांचा रंग उडालेला.

वहिनी म्हणे, "तू तारेचं काही ना काही करून राहते ना, ह्याचं गळ्यातलं कर. निरोपाच्या दिवशी देऊ." आणि लगेच अट घातली. एकाही बिल्ल्याला भोक पाडायचं नाही, गोंद लावायचा नाही. उद्या आत्याच्या मनात आलं की पोलिओवाला काढून पदराला लावायचा, तर तो जसा होता तसा निघाला पाहिजे.

ही अट नसती तर दोन-तीन संध्याकाळींचं काम होतं. वरच्या कडेला बारीक ड्रिल मारा, कडी घाला, साखळीत ओवा, झालं. इंटरनेटवर बहुतेक लोक तेच करतात. पण ड्रिल मारलं की वरची प्लास्टिकची फिल्म भोकाभोवती उचलली जाते, त्यातून घाम आत जातो, आतला कागद डागाळतो आणि पत्रा गंजतो. म्हणजे अट भावनेपोटी घातलेली असली तरी कामाच्या दृष्टीनेही बरोबरच आहे, मला पटली.

२५ मार्च

सगळे बिल्ले पेपरवर उलटे मांडले, कारण ह्या कामात पुढची बाजू नाही, मागचीच बाजू महत्त्वाची. दोन जाती निघाल्या.

एक जुनी, मागून उघडी. पुढचा पत्रा बशीसारखा, त्यावर छापील कागद, त्यावर पारदर्शक फिल्म, आणि ह्या तिघांच्या कडा मागे वळवून एका पत्र्याच्या रिंगमध्ये दाबलेल्या. मधे पोकळ. पिन कुठेच डकवलेली नाही! एकच स्प्रिंगची तार गोल वाकवून त्या रिंगच्या कडेखाली सरकवली आहे, ती बाहेरच्या बाजूला ताणत राहते म्हणून बसून राहते, आणि तिचंच एक टोक मधून आडवं येऊन पिन होते. नखाने दाबलं की अख्खी पिन हातात. ही आयडिया जुनी आहे, अमेरिकेत न्यूआर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ साली ह्या बिल्ल्याचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी तिथल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मॅकिन्ली आणि ब्रायन दोघांचेही बिल्ले धडाधड निघाले. तेव्हा वरची फिल्म सेल्युलॉइडची असायची, आता पॉलिएस्टरची असते, बाकी रचना तीच.

दुसरी जात नवी, मागून बंद. पूर्ण झाकण आणि त्याला सेफ्टी पिन अडकवलेली. पिन काढता येत नाही, काढायची गरजही नाही.

आत्याच्या निवडलेल्या सातांपैकी स्काउट, साक्षरता, पंच आणि परीक्षक हे चार उघडे. सावित्रीबाई, पोलिओ आणि स्वागत समिती बंद. सावित्रीबाईंचा ५८ मिमी, बाकी सगळे ४४. म्हणजे पकडायच्या दोन वेगळ्या पद्धती शोधाव्या लागणार.

२९ मार्च

तार आणायला निघाले. नागपुरात मार्चएंडला तांब्याची तार हवी असेल तर दागिन्याच्या दुकानात जायचं नाही, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जायचं. कूलरचा सीझन उघडला की प्रत्येक गल्लीत एक मिस्त्री जळक्या मोटरींच्या ढिगात बसलेला असतो. आमच्या मानेवाड्याच्या मिस्त्रीने मान वर न करताच सांगितलं, "ताई, आता बोलू नका माझ्याशी, ते पोतं आहे, पाहून घ्या काय पाहिजे ते."

पोत्यात कूलरच्या मोटरीची तार केसासारखी, ती माझ्या काहीच कामाची नाही. पण पाण्याच्या पंपाच्या मोटरीची जाड निघते, ती घेतली. घेताना ब्लेडने खरवडून पाहायची, कारण आजकाल स्वस्त मोटरीत अॅल्युमिनियमची वाइंडिंग असते आणि वरच्या लाखेमुळे दिसायला ती अगदी तांब्यासारखी दिसते. आतून पांढरी निघाली की ठेवून द्या. हातातही हलकी लागते. अॅल्युमिनियम दोनदा वाकवलं की तिसऱ्यांदा तुटायच्या बेताला येते.

ह्या तारेवर जी लाख असते तिचं काय करायचं ह्यावर लोकांची दोन मतं आहेत. काही जण ती गॅसवर जाळून काढतात, हे कृपा करून घरात करू नका, प्लास्टिक जळल्याचा धूर आहे तो, खोकला लागतो आणि तो नुसता खोकल्यावर थांबणारा धूर नाही. काढायचीच तर एमरी पेपरने काढा. मी ठेवणार आहे, कारण लाख असली की तांबं काळं पडत नाही, घामाने हिरवं होत नाही आणि रंग मस्त गडद लालसर राहते. मोटरमध्ये घट्ट गुंडाळायला बनवलेली असल्यामुळे वाकवली तरी ती लाख तडकत नाही. फक्त पकडीच्या दातांनी ओरखडा जातो, म्हणून पकडीला कागदी टेप गुंडाळला.

२ एप्रिल

गेजची भानगड एकदा लिहून ठेवते, कारण दर वेळी कोणीतरी विचारतेच. आपल्याकडे दुकानदार २० गेज म्हणतो तेव्हा तो ब्रिटिश गेज सांगत असतो, ती तार ०.९१ मिमी. परदेशी व्हिडिओतला २० गेज अमेरिकन असतो, तो ०.८१ मिमी. दहावा हिस्सा मिलिमीटरचा फरक ऐकायला काहीच नाही, पण कानातल्याच्या छिद्रात तो चांगलाच कळतो. गेज सोडा, मिमी विचारा. जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये जी १/१८ म्हणून तार असायची, एकच जाड दांडी, ती १.२ मिमी. आमच्या जुन्या घराच्या रिपेअरिंगमध्ये निघालेली काकांनी सांभाळून ठेवली होती, ती कड्यांसाठी मागून घेतली. काका म्हणाले, "घे, पण उरली तर परत आण." ह्या माणसाकडे १९८० पासूनचे स्क्रू पण आहेत.

पितळी तार इतवारीतून घेतली, ०.९ ची, कडक. दुकानदार भंडाऱ्याचाच निघाला, पितळेच्या भांड्यांचा भंडारा, त्यामुळे नरम देऊ की कडक हे त्यानेच आधी विचारलं. ह्या प्रश्नावरून दुकान ओळखायचं.

८ एप्रिल

वहिनीचा नवरा, म्हणजे माझा आत्येभाऊ, म्हणे एवढं तारेचं कशाला, ग्लू गनने मागे कडी चिकटव, नंतर उपटून काढता येते की. वाद घालण्यापेक्षा टेस्ट घेतली. रंग उडालेल्यांपैकी एका बिल्ल्याला ग्लू गनने कडी चिकटवली, दोऱ्याने लटकवून स्कूटीच्या डिक्कीत ठेवला, स्कूटी दुपारी ऑफिसच्या बाहेर उन्हात. संध्याकाळी पाहिलं तर कडी दोऱ्याला आणि बिल्ला डिक्कीच्या तळाशी. हा गोंद गरमीने पातळ होतो म्हणूनच तर गनमध्ये चालतो, नागपूरच्या एप्रिलला वेगळ्या गनची गरज नाही. भाऊ म्हणे "बरं बाई, कर तुझ्या मनाने."

१४ एप्रिल

आज संविधान चौकातून दीक्षाभूमीपर्यंत पायी गेले. जयंतीच्या दिवशी शहरात जितके बिल्ले दिसतात तितके वर्षभरात फक्त अजून एकदा दिसतात, ते दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे दीक्षा घेतली त्या मैदानाच्या बाहेर मखमलीच्या फळ्यांवर ओळीने लावलेले निळे बिल्ले, बाबासाहेब, अशोकचक्र, बुद्ध, जय भीम. मी दोन घेतले, पण खरं तर मी लोकांच्या छातीकडे पाहत चालले होते, म्हणजे बिल्ला कुठे लटकतो आणि कुठे सरळ राहतो ते.

शर्टाच्या खिशावर सरळ राहतो. पातळ साडीच्या पदरावर तो मान टाकतो, पुढे झुकतो, आणि फोटोत आकाशाकडे पाहतो. स्टॉलवरची मावशी दर बाईला सांगत होती, "पदर दुहेरी कर, अन् पिन वरच्या अंगाला येऊ दे." बिल्ला उलटा करून दाखवायची. पिन जर मधोमध असेल तर वरचा अर्धा भाग पुढे पडतो, पिन मध्याच्या जितकी वर तितका तो सरळ लटकतो. मी उभी राहून पाच-सहा गिऱ्हाइकं पाहिली. मावशीने विचारलं, "काय पाहून राहिली पोरी, घ्यायचा आहे का?" सांगितलं काय करतेय ते. म्हणे मग एका ठिकाणी नको टांगू, दोन ठिकाणी टांग.

एवढंच. पण काम इथेच सुटलं. मी इतके दिवस एका बिल्ल्याला वर एक कडी असंच डोक्यात धरून बसले होते, पेंडंटसारखं. दोन कड्या असल्या, घड्याळात १० आणि २ वाजतात त्या जागी, तर बिल्ला फिरणार नाही, उलटा होणार नाही, झुकणारही नाही आणि शेजारच्याला त्याच कड्यांनी जोडता येईल. आपली पुतळीमाळच की. फक्त पुतळ्यांच्या जागी पल्स पोलिओ.

१९ एप्रिल

उघड्या बिल्ल्यांची पद्धत बसली. सविस्तर लिहिते.

मूळ पिन नखाने काढून छोट्या प्लास्टिकच्या पुडीत ठेवायची, पुडीवर नाव. मग त्या पिनचंच काम करणारी दुसरी रिंग पितळी तारेची करायची. आतली कड मोजली, ३८ मिमी. रिंग त्याहून मोठी पाहिजे म्हणजे ती आत घातल्यावर बाहेर रेटत राहील, मी ४० धरली. पूर्ण गोल नाही करायचा, वर १० ते २ ची जागा मोकळी, म्हणजे गोलाचा दोन-तृतीयांश भाग, तो झाला ८४ मिमी. दोन टोकांच्या कड्यांसाठी वीस-वीस आणि थोडं कापायला. १३ सेंटिमीटरचा तुकडा.

४० ची रिंग पाहिजे म्हणून ४० च्या पाइपवर गुंडाळली तर ती उसळून कितीतरी मोठी होते, कडक पितळ आहे, मागे येणारच. ३२ मिमीच्या पीव्हीसी पाइपवर घट्ट ओढून गुंडाळली आणि सोडली की ४० च्या जवळ येऊन थांबते. (नरम तांब्याची करून पाहिली, ती ३२ ची ३२ च राहते आणि कडेखाली ढिली पडते. इथे तांबं चालत नाही, स्प्रिंग पाहिजे.)

आता टोकं. कमान जिथे संपते तिथे तार आधी मागच्या बाजूला उचलायची, रिंगच्या कडेवरून पलीकडे न्यायची, आणि मग बाहेर काढून गोल नाकाच्या पकडीने कडी वळवायची. हा जो छोटा पायरीसारखा वळसा आहे ना, तेवढाच अवघड आहे, दीड-दोन मिलिमीटरचा. तो कमी झाला तर तार कडेवर चढते आणि बिल्ला तिरपा बसतो, जास्त झाला तर मागून गळ्याला टोचते. शेवटी कागदावर आकार काढून ठेवला आणि प्रत्येक तार त्यावर ठेवून जुळवली. बसवताना दोन्ही कड्या चिमटीत धरून जवळ आणायच्या, कमान लहान होते, आत सरकवायची, सोडायचं. बारीक टक् आवाज येतो. तो आला की बसली. बिल्ला खाली धरून झटकला, दारावर टांगून दार आपटलं, नाही निघाला. कड्या दाबल्या, निघाला. मूळ पिन परत सरकवली, डब्यातल्यासारखा झाला.

परीक्षकाचा थोडा गंजला होता मागून. एमरी पेपरने हलका घासला आणि पत्र्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात मारला. पाण्यात बुडवायचं नाही काहीही झालं तरी, पाणी फिल्मखाली शिरलं की कागदावर ढग येतात आणि ते कधीच जात नाहीत.

२७ एप्रिल

बंद बिल्ले. इथे आत सरकवायला जागाच नाही, म्हणून बाहेरून धरायचे. पहिला विचार चार नख्यांचा होता, खड्याला असतात तशा, पण नखी उघडायची म्हणजे दर वेळी तांबं वाकणार, आणि तांबं प्रत्येक वाकण्यासोबत कडक होत जाते आणि मग एक दिवस तुटते. तापवून लाल करून परत नरम करता येते, सराफ तेच करतात, पण आत्या काही पोलिओचा बिल्ला काढायला बर्नर पेटवणार नाही.

म्हणून खिसा केला. दोन तारा समांतर, ०.९ च्या, बारीक तारेने एकमेकींना गुंडाळत गुंडाळत इंग्रजी यूच्या आकारात, बिल्ल्याच्या खालच्या दोन-तृतीयांश कडेभोवती. मागची तार मागे धरते, पुढच्या तारेला तीन ठिकाणी आत छोटे ओठ, ते बिल्ल्याच्या पुढच्या कडेवर येतात. मागे दोन आडव्या तारा, त्यांच्या मधल्या जागेत सेफ्टी पिन बसते. बिल्ला वरून खाली सरकवायचा आणि वर एक छोटी दांडी, एका बाजूला कडीत फिरणारी आणि दुसऱ्या बाजूला हुकात अडकणारी, ती लावायची. दाराच्या कडीकोयंड्याचीच पद्धत.

पुढच्या बाजूला पूर्ण लाखवाली मोटरची तार वापरली. उघडं धातू फिल्मवर घासून चरे पाडते, लाख गुळगुळीत असते. तारेचं गुंडाळणं मात्र बोटांची परीक्षा आहे, सावित्रीबाईंच्या एका चौकटीला दोन रात्री गेल्या आणि कूलरच्या हवेत बारीक तार उडते म्हणून कूलर बंद करून बसावं लागलं. घरचे कुठे गेले ते विचारू नका, सगळे दुसऱ्या खोलीत.

३ मे

मांडणी. मधे सावित्रीबाई, हे ठरलेलंच. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडणाऱ्या बाईच्या एका बाजूला 'पंच' आणि दुसऱ्या बाजूला 'परीक्षक', वहिनी हसत होती की आत्याचं सगळं आयुष्य हेच, निकाल देणे. मग स्काउट, साक्षरता, आणि टोकांना पोलिओ आणि स्वागत समिती.

पोलिओचा टोकाला गेला ह्यावर माझी आणि वहिनीची थोडी ओढाताण झाली. तिचं म्हणणं पिवळा रंग मधे उठून दिसेल. माझं म्हणणं पिवळा मधे असला की सावित्रीबाईंकडे कोणी पाहणार नाही. शिवाय तोच बिल्ला आत्या काढायची शक्यता सगळ्यात जास्त. १९९५ पासून ती दर पोलिओ रविवारी बूथवर बसायची, डोस झाला की पोरांच्या डाव्या करंगळीला शाई लावायची, २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा तिने पेढे वाटले होते आणि त्यानंतरही बूथ चालूच राहिले तर बसत राहिली. टोकाचा बिल्ला काढला तर माळेची ओळ मोडत नाही. वहिनीने मानलं.

जोडकड्या काकांच्या १.२ च्या तारेच्या, विणायच्या सुईवर गुंडाळून सराफी आरीने कापल्या. कटरने कापलं की टोक चिमटलं जाते आणि कडी मिटली तरी फट राहते, मग साडीचा धागा तिथेच अडकतो.

९ मे

कानातले पाहिजेतच असं वहिनीने परवा ठरवलं. आत्याचे बिल्ले कानाला मोठे होतात, म्हणून २५ मिमीचे नवीन करायचे. त्यावर काय, तर वहिनीकडे तिच्या माहेरच्या शेजाऱ्याची जुनी वही निघाली, आत्याने तपासलेली. लाल शाईची बरोबरची खूण, ती आत्याची एक विशिष्ट आहे, शेपूट लांब ओढलेली, आणि शेवटच्या पानावर 'छान'. एका कानात खूण, दुसऱ्या कानात छान. ही आयडिया वहिनीची, मला सुचली असती तर मी चार दिवस मिरवलं असतं.

बर्डीतल्या एका गल्लीत बिल्ले छापणारा आहे, हाताने दाबायची प्रेस. खाली दोन साचे, फिरवून वर आणायचे. पहिल्या साच्यात पत्र्याची टोपी, वर कागद, वर फिल्म, दांडा दाबला की तिन्ही वरच्या साच्यात ओढली जातात. दुसऱ्या साच्यात मागचं झाकण, परत दाबलं की कडा वळून सगळं एकजीव. कागद बिल्ल्यापेक्षा मोठा कापावा लागते, ५८ च्या बिल्ल्याला ७० चा, कारण उरलेला मागे वळतो. म्हणून चित्र कडेपर्यंत नेलं की शेंडी-पाय कापले जातात, खुणेची लांब शेपूट बसवताना तीच कसरत झाली, सगळं लहान करून मधे आणलं.

त्याला म्हटलं मागे पिन नको, साधं झाकण द्या. कानातल्याला हूक सराफ्यातून चांदीचे घेतले. जर्मन सिल्व्हरचे स्वस्त मिळतात पण त्यात चांदी नसतेच, तांबं, जस्त आणि निकेल असते, आणि निकेलने आत्याच्या कानाला खाज सुटते हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

१५ मे

बिल्ल्यांच्या मधल्या ज्या उघड्या तांब्याच्या कड्या आहेत त्या फार नव्या दिसत होत्या, जुन्या बिल्ल्यांशेजारी खटकत होत्या. अंड्याची युक्ती केली. अंडं चांगलं कडक उकडायचं, गरम असतानाच कुस्करून डब्यात टाकायचं, कड्या वाटीत वेगळ्या ठेवायच्या, अंड्याला लागू द्यायच्या नाहीत, झाकण घट्ट. अंड्यातल्या गंधकाचा वायू सुटतो आणि तांब्याला काळं करतो. जेवण होऊन भांडी आवरेपर्यंत तपकिरी, सकाळी काळ्या. मग बारीक स्टील वूलने वरून घासायचं, उंच भाग चमकतो, खोलगट भाग काळा राहतो. जास्त काळं झालं तर लिंबू-मीठ आहेच.

लाखवाल्या तारेवर ह्याचा काहीही परिणाम होत नाही, पितळेवर नावाला. म्हणून सुटे भागच डब्यात जायचे, बिल्ले तर अजिबात नाही, त्या वाफेत ओल असते. डब्याला मात्र वास राहिला. आई म्हणे तो डबा आता तुझाच.

२० मे

मागचा भाग, जो मानेला लागतो, तो तांब्याचा ठेवायचा नव्हता. नागपूरचा मे आणि तांबं, मान हिरवी. म्हणून ठुशीला असतो तसा रेशमी दोरा आणि सरकता गोंडा, इतवारीत सराफ्याजवळ गाठवणाऱ्याकडून गाठवून घेतला. गडद निळा. त्याने माळ हातात घेऊन उलटसुलट पाहिली, एक बिल्ला दाबून काढला, परत टक् करून बसवला, परत काढला, मग शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवलं. काट्यावर ठेवली, ९६ ग्रॅम. "साडेनऊ तोळ्याचा हार झाला की मॅडम, विमा काढा."

वजन जास्त आहे का, हो, थोडं आहे. पण सात ठिकाणी वाटलं जाते आणि रेशमी दोरा रुंद गुंफलेला आहे, रुतत नाही.

२६ मे

नवतपा सुरू. वहिनीने आज दिवसभर घालून टेस्ट केली, स्वयंपाक, भांडी, दुपारची झोप (झोपेचं मी नव्हतं सांगितलं). रिपोर्ट असा: बिल्ले एकमेकांवर चढत नाहीत, खिशाची दांडी कुठे उघडली नाही, पण वाकलं की सावित्रीबाई पुढे येतात आणि वरणात डोकावतात. मधल्या कड्या एकेकीने कमी केल्या, माळ दोन बोटं वर आली.

३१ मे

कार्यक्रम झाला. शाळेला सुट्ट्याच आहेत, आपल्याकडे उन्हामुळे जून संपत आला की उघडतात, त्यामुळे हॉलमध्ये शिक्षक, जुने विद्यार्थी आणि आमचं खटलं. माळ दिली तेव्हा आत्या आधी ओरडली, "माझ्या बिल्ल्यांना भोकं पाडली का गं?" वहिनीने साक्षरतेचा काढून दाखवला, मी पुडीतली पिन दिली, आत्याने पिन बसवली, परत काढली, मग घातली. भाषणांच्या वेळी ती खाली पाहून टक्-टक् करत बसली होती, मुख्याध्यापक दोनदा थांबले.

कानातले तिने खूप वेळ पाहिले आणि म्हणाली 'छान'मधला अनुस्वार कुठे आहे. छानमध्ये अनुस्वार नसतो हे आम्ही सगळ्यांनी एकदम सांगितलं. तिला तेच ऐकायचं होतं.

४ जून

अपेक्षेप्रमाणे पोलिओवाला माळेतून गेला. आत्याने तो वहिनीच्या पोराच्या शाळेच्या दप्तराला लावला आणि आता माळेत टोकाला रिकामा खिसा दिसतो. त्यासाठी तांब्याच्या तारेची सपाट गुंडाळी केली, ४४ मिमीची, मधून सुरू करून बाहेर फिरवत नेलेली, मागे दोन आडव्या तारांनी बांधलेली आणि ऐरणीवर हलकी ठोकून कडक केलेली. खिशात बरोबर बसली. बिल्ला परत आला की गुंडाळी काढून डब्यात.

दुसरं, सुती साडीवर दांडीच्या हुकाचं टोक धागा ओढत होतं. टोक कानसेने गोल केलं आणि आतल्या बाजूला वळवलं. आता ओढत नाही.

आत्याच्या एका मैत्रिणीने विचारलं की तिच्या एनसीसीच्या बॅजचंही असंच करून देशील का. फोटो पाहिला, कापडी आहेत, भरतकामाचे. त्याला ना रिंग ना कड, तार धरणार कशाला. फ्रेम करून घ्या म्हणून कळवलं. काकांची उरलेली तार उद्या परत करायची आहे, दीडेक मीटर आहे.